मोडायचा नाही, उसवायचा

जुना दागिना कपाटातून निघाला की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : मोडायचा का? सराफाकडे न्यायचा, वजन करायचं, लाख आणि घट वजा करायची, येतील त्या पैशांत भर घालून नवं काहीतरी घ्यायचं. सोन्याच्या बाबतीत हा हिशेब सरळ आहे. पण त्याच डब्यात आणखीही बरंच असतं. दोरा कुजलेली पोवळ्यांची माळ, तन्मण्याचे सुटलेले सर, दुपदरी काळी पोत, मावशीनं कधीतरी शिवणक्लासात शिकून केलेला काचमण्यांचा हार, जत्रेतून आणलेली लाल बियांची माळ. तराजू यांना विचारत नाही. त्यामुळे ते मोडीतही जात नाहीत आणि गळ्यातही येत नाहीत. दर दिवाळीच्या साफसफाईत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातात, एवढाच त्यांचा प्रवास.

असे दागिने मोडायचे नसतात, उसवायचे असतात. मणी काढून घ्यायचे आणि पुन्हा ओवायचे. हे काम अगदी सोपं वाटतं, म्हणूनच बिघडतं. कात्रीचा एक घाव घातला की मण्यांचा क्रम, दोऱ्याची जात, गाठींची पद्धत असं सगळं एका क्षणात ताटलीत सांडतं आणि उरतो तो फक्त मण्यांचा ढीग. ओवणाऱ्यानं जितका विचार केला होता, निदान तितका उसवणाऱ्यानं करावा, असं माझं म्हणणं आहे.

पुण्याशेजारच्या आमच्या वाकडमध्ये या डब्यांची गंमत जरा जास्त आहे. म्हातोबाच्या यात्रेचं, ऊस-ज्वारीच्या शेतांचं हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, शेजारी हिंजवडीत आयटी पार्क वाढलं आणि गावठाणाभोवती, कस्पटे वस्तीपासून भूमकर चौकापर्यंत, इमारती उभ्या राहिल्या. आता एकाच लिफ्टमधून कोल्हापूर, नांदेड, विजयवाडा आणि हुबळी वर-खाली करत असतात. प्रत्येकीच्या कपाटात आपापल्या गावचा डबा. तेलुगू शेजारणीची नल्लपूसलु, कानडी शेजारणीची करिमणी आणि आपली काळी पोत शेजारी शेजारी ठेवली तर तिन्हींत तोच बारीक काळा काचमणी दिसतो. ओवण्याची रीत तेवढी निराळी. म्हणजे माणूस कुठला ते मणी सांगत नाही, दोरा सांगतो. आणि दागिन्यात सर्वांत आधी मरतो तोही दोराच.

दोऱ्याचं हे अल्पायुष्य किती जुनं आहे, त्याचा पुरावा आपल्याच पुणे जिल्ह्यात सापडला. चाकणच्या उत्तरेला, घोड नदीच्या काठी चांडोली नावाचं गाव आहे. तिथे शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी १९६०मध्ये उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली आणि तिथल्या एका बालकाच्या दफनात तांब्याचे मणी मिळाले. मणी मिळणं यात नवल नाही. नवल हे की त्यांच्या भोकात दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते. तपासणीत तो धागा अळशीच्या तंतूचा निघाला. प्रवरेकाठच्या नेवाशालाही असंच एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली होती; तिच्या धाग्यात रेशीम आणि कापूस असल्याचा निष्कर्ष निघाला.

दगडाच्या, शंखाच्या, मातीच्या हजारो मण्यांतला धागा नाहीसा झाला आणि तांब्याच्या मण्यांतला राहिला, याचं कारण तांब्यातच आहे. ओल्या मातीत तांबं गंजतं, त्याचे क्षार शेजारच्या तंतूत झिरपतात आणि हे क्षार बुरशी-जिवाणूंना मारक असतात. तंतू खाणारेच जवळ येत नाहीत, म्हणून तंतू टिकतो. बाकी सगळीकडे दोरा काही वर्षांत संपतो आणि मणी हजारो वर्षं तसाच राहतो. दोऱ्याचं आणि मण्याचं आयुष्य इतकं विषम असताना दागिना एकदाच ओवला आणि झालं, असं कोणत्याही काळात कुणी मानलं नसणार. पुन्हा ओवणं हे दागिन्याच्या आयुष्यातलं नेहमीचं काम आहे.

आपल्याकडे ते काम पटवेकरी करत आले. सोनार घडवतो, सराफ विकतो आणि पटवेकरी ओवतो, अशी ही विभागणी. मंगळसूत्र गाठवणं, तन्मण्याला गोंडा लावणं, ठुशीला मागचा दोरा घालणं, करगोटे आणि गोफ वळणं ही त्यांची कामं. पुण्याच्या रविवार पेठेत आणि लक्ष्मी रस्त्याच्या आसपास सराफांच्या दुकानांच्या पायरीशी किंवा बोळात एवढीशी जागा घेऊन बसलेले पटवेकरी अनेकांनी पाहिले असतील. हत्यारं नावाला : सुई, कात्री, मेणाचा तुकडा, रेशमाच्या लडी. दोरा ताणून धरायला पायाचा अंगठाही कामाला येतो. मेण लावलेला दोरा गुंतत नाही, ओल धरत नाही आणि मण्याच्या भोकात सहज सरकतो. भोक अगदीच बारीक असेल तर सुईऐवजी बारीक तारेला पीळ देऊन तिचाच नेढ्यासारखा उपयोग करायचा, किंवा दोऱ्याचं टोक डिंकात बुडवून वाळवून कडक करायचं. मोत्यांच्या सरात दोन मोत्यांमध्ये एक गाठ देतात तीही शोभेसाठी नाही. मोती मऊ, एकमेकांवर घासले तर झिजतात. आणि सर तुटलाच तर गाठींमुळे एकच मोती निसटतो, बाकीचे जागेवर राहतात. मोटारसायकलवर मागे बसून भूमकर चौकातून जाणाऱ्या बाईच्या गळ्यात ही एक गाठ किती मोलाची, ते सांगायला नको.

आता उसवण्याकडे वळू. दागिना हातात धरून, पलंगावर बसून कापायचा नाही. मोठ्या ताटात जाडसर टॉवेल पसरायचा, कडा वर दुमडायच्या. पांढरा टॉवेल असेल तर काळे मणी दिसतात, मोती दिसत नाहीत; मोत्यांसाठी गडद कापड. आधी मोबाइलवर फोटो : पूर्ण दागिन्याचा, मग फाशाचा, मग मधल्या पदकाजवळचा, मग पाठीमागचा. पाठीमागचा फोटो सगळे विसरतात आणि गाठी कशा मारल्या होत्या ते नेमकं तिथेच दिसतं. मग एका कागदावर क्रम : अमुक काळे, एक सोन्याचा, अमुक काळे, एक पोवळं. जोडाजोडीनं लहान-मोठे होत गेलेले मणी असतील तर तेही लिहायचं. मोत्यांच्या जुन्या सरात मधले मोती मोठे आणि मानेकडे बारीक होत गेलेले असतात. एकदा मिसळले तर ती उतरण पुन्हा लावताना डोळे फुटतात.

शक्य असेल तिथे कापूच नये. जुना दोरा अजून थोडा दम धरून असेल तर त्याच्या टोकाला नवा बारीक दोरा जोडावा आणि मणी एकेक करून जुन्यावरून नव्यावर सरकवावेत. क्रम आपोआप टिकतो, लिहावंही लागत नाही. दोरा कुजलेला असेल आणि हे जमणार नसेल, तर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीचा तुकडा ताटात लावावा, दागिना त्यावर ठेवून हलकेच दाबावा आणि मगच गाठ कापावी. मणी जागच्या जागी चिकटून राहतात. अनेक पदरांचा हार असेल तर एका वेळी एकच पदर, आणि तो पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. मोत्यांमधल्या गाठी कात्रीनं कापताना पातं मोत्याला लागतं. सुईच्या टोकानं गाठ सैल होते का ते आधी पाहावं. जुना दोरा फेकू नये. त्याचा एक तुकडा कागदाला चिकटवून ठेवावा, पटवेकऱ्याला जाडी आणि रंग एका नजरेत कळतो.

मणी सुटे झाले की खरी मजा सुरू होते, कारण मण्याची गोष्ट त्याच्या भोकात लिहिलेली असते. दहापट मोठं दाखवणारं भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं, तेवढं जवळ असावं.

काचेचा मणी घ्या. आत बारीक बुडबुडे दिसतील. ते भोकाला समांतर, लांबट असतील, तर वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे करून तो मणी केला आहे. बुडबुडे किंवा रेषा भोकाभोवती गोल फिरत असतील, तर तापलेल्या सळईवर काच गुंडाळून एकेक मणी हातानं केला आहे. पोतीचे बारीक मणी बहुधा पहिल्या रीतीचे. मोठे, नक्षीचे, रंगीत मणी पुष्कळदा दुसऱ्या रीतीचे. वाराणसीचा आणि उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचा मणी-व्यवसाय आजही चालू आहे, आणि तुमच्या डब्यातल्या फुलाफुलांच्या मण्याचं माहेर तिकडचं असण्याचा चांगला संभव आहे.

दगडी मण्याचं भोक दोन्ही बाजूंनी पाडत आणत मध्ये मिळवलेलं असतं. भिंगातून पाहिलं तर मधोमध किंचित पायरी दिसते. अकीक, गोमेद, स्फटिक यांत ती पुष्कळदा सापडते. हे दगड परके नाहीत. दख्खनचा काळा बेसाल्ट थंड होताना त्यात जी पोकळी राहिली, तिच्यात सिलिका साचून अकीक झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालात या पट्टेरी दगडाचा उल्लेख आहे. गुजरातेत खंबातला आजही अकीक भाजून लाल करतात, घासतात, हिऱ्याच्या टोकाच्या सामत्यानं भोकं पाडतात. लाल अकीकावर पांढऱ्या रेघांची नक्षी असलेला मणी दिसला तर जपा. सोड्यासारख्या क्षारानं दगडावर चित्र काढून तो भाजला की पांढरी रेघ कायमची उमटते. सिंधू संस्कृतीच्या काळापासूनची ही युक्ती. या मण्यांवर म. गं. दीक्षितांनी 'एच्ड बीड्स इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं, ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९४९मध्ये काढलं. चांडोली खणणाऱ्या देवांनीही पुढे भारतीय मण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. मण्यांचा अभ्यास करायला पुण्याबाहेर जायची गरज नाही, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो.

मग मोती. घरातले जुने मोती 'बसऱ्याचे', म्हणजे आखातातले नैसर्गिक, आहेत असं प्रत्येक घरात सांगितलं जातं आणि कधी कधी ते खरंही असतं. इराणच्या आखातात, बहारीन-कुवेतच्या बाजूला पाणबुडे नैसर्गिक मोती काढत, आणि तो माल मुंबईच्या बाजारात येऊन तिथे निवडला, विंधला आणि विकला जाई. जपानमध्ये मिकिमोतो या उद्योजकानं १८९३मध्ये शिंपल्यात कृत्रिमरीत्या मोती पिकवून दाखवला. पुढे पिकवलेले गोल मोती बाजारात आले, १९२९नंतर जगभर मंदी आली आणि १९३२मध्ये बहारीनमध्ये तेल लागलं. आखातातला मोत्याचा धंदा यानंतर सावरला नाही. म्हणून त्याआधी घडलेल्या तन्मण्यात किंवा नथीत नैसर्गिक मोती असण्याची शक्यता खरीच जास्त.

ओळखायचं कसं? दातावर हलकेच घासला तर खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. पण ही परीक्षा फक्त खरा आणि नकली यांत फरक करते. पिकवलेला मोतीही खरखरीतच लागतो. त्यासाठी भोकात भिंगानं पाहावं. पिकवलेल्या मोत्यात आतल्या गाभ्यावर वरचा थर कुठे सुरू होतो ती रेषा अनेकदा दिसते. तो गाभा परंपरेनं अमेरिकेतल्या नदीच्या शिंपल्याचा असतो, ही आणखी एक गंमत. नैसर्गिक मोत्याची भोकं फार बारीक असत, कारण मोती तोलून विकला जाई आणि भोकाबरोबर वजन जाई. काचेच्या नकली मोत्याचा रंग भोकाच्या कडेला टवका उडून निघालेला दिसतो. शेवटचा शब्द मात्र रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचाच, क्ष-किरणांनी. जुने मोती उसवण्याआधी ही तपासणी झाली तर उत्तम. नकली समजून रांगोळीच्या डब्यात गेलेले बसरा मोती कुणी परत आणून देत नाही.

प्लॅस्टिकचा मणी हाताला लगेच कोमट लागतो, काच आणि दगड थंड. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. तो ऐकू नये. जुन्या मण्यांत सेल्युलॉइडचे मणीही असतात आणि सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. घासल्यावर कापरासारखा वास आला तर तेच समजा.

धुण्याबाबत एकच नियम पक्का ठेवावा : सगळे मणी एकाच वाडग्यात टाकायचे नाहीत. आपल्या घरांत तांब्या-पितळेला चिंच आणि लिंबू लावायची सवय आहे. मोती, पोवळं आणि शंख हे तिघेही चुन्याच्या जातीचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. आंबटात ते विरघळू लागतात, चकाकी जाते आणि ती परत येत नाही. त्यांना ओलसर मऊ कापडानं पुसलं की पुरे. घाम आणि अत्तर यांनीही तेच नुकसान सावकाश होतं, म्हणून मोती सर्वांत शेवटी घालावेत आणि सर्वांत आधी काढावेत. काचेचे आणि भरीव सोन्याचे मणी रिठ्याच्या कोमट पाण्यात खुशाल धुवा. पण बोरमाळेचे मणी मात्र नाहीत! ते पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. गरम पाण्यात लाख मऊ होऊन भोकातून बाहेर येते आणि पातळ पत्रा दबतो. सराफ मोडीच्या वेळी लाखेचं वजन वजा का करतो, ते असा एक मणी फुटला की कळतं.

आता कशाला हात लावू नये तेही सांगायला हवं. वज्रटीक कापडी पट्टीवर मणी घट्ट बसवून केलेली असते. पट्टी उसवली की ती वज्रटीक राहत नाही. ठुशीचा मागचा दोरा बदलता येतो, पुढची दाट गुंफण घरी सोडू नये. नथीत दोरा नसतो, सोन्याची तार असते, आणि उलगडताना जुनी तार तुटते. कोल्हापुरी साजातली पानं, मासा, कासव, शंख, चंद्र, बेलपान वगैरे, जव मण्यांच्या मधोमध ठरावीक क्रमानं येतात; तो क्रम कारागिराचा असतो, आपला नाही. याउलट तन्मणी जणू उसवण्यासाठीच घडवलेला. मधलं रत्नजडित खोड कायमचं आणि मोत्यांचे सर वेळोवेळी नव्यानं ओवायचे. जुन्या कारागिरांनी टिकणारा भाग आणि बदलणारा भाग इतका स्वच्छ वेगळा ठेवला, हे पाहिलं की आजच्या डिंकानं चिकटवलेल्या दागिन्यांची कीव येते. चिकटवलेला दागिना ना उसवता येतो ना दुरुस्त करता येतो. नवा हाताचा दागिना घेताना हे जरूर बघा.

डब्यात काही अडचणीच्या वस्तूही निघतात. लहान मुलाच्या गळ्यातल्या जुन्या माळेत वाघनखं असत. पुष्कळदा ती शिंगाची नकली निघतात, पण खरी असतील तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मालकीच्या दाखल्याशिवाय ती जवळ ठेवणंही गुन्हा आहे, विकणं तर दूरच. हस्तिदंती मण्यांनाही हाच कायदा. असं काही निघालं तर नव्या माळेत ओवू नका, वनखात्याच्या कार्यालयात विचारा. दुसरी अडचण गुंजेची. लाल-काळी गुंज फार देखणी, एके काळी तीच सोनाराचं वजन होती, पण तिच्या गरात ॲब्रिन नावाचं तीव्र विष आहे. अख्ख्या बीचं कवच ते आत कोंडून ठेवतं. ओवण्यासाठी भोक पाडलेली गुंज मात्र जास्त धोक्याची. रांगतं मूल असलेल्या घरात ती नकोच.

आणि प्रत्येक दागिना उसवण्याचा निर्णय आपला असतो असंही नाही. नवरा गेल्यावर बाईचं मंगळसूत्र तोडायचं, बांगड्या फोडायच्या, ही रीत आपल्याच समाजात दागिना उकलण्याचं सर्वांत क्रूर रूप आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव करून ती गावात बंद केली आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसंच आवाहन केलं. म्हणून घरातल्या मोठ्या बाईची पोत 'जुनी झाली, मणी काढून घेऊ' असं परस्पर ठरवू नये. ती जिची आहे तिला विचारावं. ती नसेल तर निदान तिच्या मुलींना. काही घरांत ते मणी नातवंडांच्या मनगट्यांत ओवतात, काही घरांत देवघरात ठेवतात, काहींना ते डोळ्यांसमोरही नको असतात. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत.

सुट्या मण्यांचं करायचं काय, हा प्रश्न त्या मानानं सोपा. बाळाच्या मनगट्यांत काळ्या मण्यांबरोबर जुने सोन्याचे मणी आणि पोवळी घालण्याची पद्धत आहेच. फक्त त्या दोऱ्याला पटवेकऱ्याच्या हातची गाठ हवी आणि बाळ झोपताना त्या काढून ठेवाव्यात, सुटलेला मणी थेट तोंडात जातो. जुन्या चकचकीत रंगांच्या, विशेषतः पिवळ्या-लाल-नारिंगी मण्यांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, ते बाळाच्या अंगावर नकोतच. असे मणी तोरणाला द्यावेत; मोतीकामाचं तोरण हाताशी येत नाही, तोंडाशी तर नाहीच. तुळशीमाळेचा मणी मात्र शक्यतो तुळशीमाळेतच परत जावा. देहू-आळंदी आपल्यापासून हाकेवर आणि पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या या माळा करत आली आहेत. त्या माळेत शोभेचा काचमणी घालणं वारकऱ्याला रुचणार नाही. उरलेला बारीकसारीक माल वर्गवारी करून, काचेच्या बरणीत, वर चिठ्ठी लावून ठेवावा : कुणाचा, कधीचा, कुठून आला. चिठ्ठी नसलेली बरणी पुढच्या पिढीला कचरा वाटते.

आपल्याकडे खाण्यासाठीच उसवायचा असाही एक दागिना आहे, तो म्हणजे हलव्याचा. पहिल्या संक्रांतीला सुनेला किंवा बोरन्हाणात बाळाला घातलेला हार संध्याकाळपर्यंत पोरांच्या पोटात जातो. त्याबाबतीत वरचे सगळे नियम रद्द समजावेत.

ओवण्यासाठी दोरा कोणता, यावर घराघरात वाद होतात. माझा कौल असा : मोत्यांना रेशीम, कारण ते मऊ आहे, नीट लवतं आणि गाठ घट्ट धरतं. दगडी मण्यांच्या भोकाची कड धारदार असते आणि रेशीम त्यात कापलं जातं, तिथे नायलॉनचं आवेष्टन असलेली बारीक स्टीलची तार बरी. रोज अंगावर राहणाऱ्या काळ्या पोतीला नायलॉन चालतो, पण फार ताकदीचा नको. गळ्यातलं कुठे अडकलंच तर दोरा तुटावा, मान कापली जाऊ नये. रोज वापरातल्या मोत्यांचा दोरा वर्ष-दोन वर्षांनी बदलावाच; मण्यांमध्ये फट दिसू लागली किंवा दोरा मळकट काळा पडला तर तेवढीही वाट पाहू नये.

हे सगळं घरी जमणार नसेल तर लाज नाही. फोटो, क्रमाचा कागद आणि सुटे मणी डबीत घालून पटवेकऱ्याकडे जा, पिंपरीच्या बाजारात सराफाला विचारलं तर तो पत्ता देईल, नाहीतर रविवार पेठ आहेच. मणी त्याच्या समोर मोजून द्या, समोर बसून ओवून घ्या, आणि मजुरीत घासाघीस करू नका. सोन्याच्या घडणावळीला हजारो रुपये मोजणारी माणसं या कामाच्या थोड्याशा रुपयांवर अडतात. एक मात्र करा. आषाढ संपायच्या आत जा. श्रावण लागला की मंगळागौरी, मग गौरी-गणपती, नवरात्र आणि पुढे लग्नसराईची तयारी. तुळशीचं लग्न लागेपर्यंत पटवेकऱ्याकडे तुमचा नंबर लागणार नाही.